ओझे नको, सोबत हवी

मुलगी चौदा-पंधरा वर्षांची झाली आणि आरशापुढे दोन मिनिटे जास्त उभी राहू लागली, की घरातल्या मोठ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. त्यात शालान्त परीक्षेचे वर्ष असेल तर विचारायलाच नको. दप्तर तपासले जाते, मैत्रिणींकडे चौकशी होते, आणि एखाद्या मुलाचे नाव कानावर आले की घरात वादळ उठते. या वयातले प्रेम म्हणजे अभ्यासाचे वाटोळे, हा हिशेब आपण सर्वांनी मनात पक्का करून ठेवला आहे. हा हिशेब नेहमीच बरोबर असतो का, याचा विचार आमच्या वाचक कुटुंबांनी एकदा शांतपणे करावा असे आम्हाला वाटते. त्यासाठी आज आम्ही एका जपानी चित्रपटाची ओळख करून देत आहोत. हा कार्टून चित्रपट आहे, परंतु त्यात राक्षस नाहीत, मारामारी नाही. चार माणसांचे एक साधे घर आहे आणि त्या घरात वाढणारी एक मुलगी आहे.

चित्रपटाचे जपानी नाव ‘मिमी ओ सुमासेबा’. ‘कान देऊन ऐकले तर’ असा त्याचा अर्थ होतो. परदेशात तो ‘व्हिस्पर ऑफ द हार्ट’ या नावाने ओळखला जातो. जपानच्या स्टुडिओ घिब्ली या प्रसिद्ध संस्थेने तो काढला आणि १५ जुलै १९९५ रोजी तो जपानमध्ये प्रदर्शित झाला. आओई हिइरागी या लेखिकेची मूळ चित्रकथा १९८९ साली ‘रिबोन’ या मुलींच्या मासिकात क्रमशः आली होती. तिच्यावरून हायाओ मियाझाकी यांनी पटकथा लिहिली आणि दिग्दर्शन योशिफुमी कोंदो यांनी केले. पुढे २०२० साली घिब्लीचे बहुतेक चित्रपट नेटफ्लिक्सने जपान, अमेरिका आणि कॅनडा सोडून इतर देशांत उपलब्ध केले, त्यात हाही होता.

छोटे अभ्यासू घर

कथा टोकियोच्या पश्चिमेकडील तामा भागात घडते. शहरात माणसे मावेनाशी झाली, तेव्हा १९६० च्या दशकात या टेकड्यांवर नवी वसाहत उभारण्याचे काम हाती घेतले गेले. झाडे तोडून, टेकड्या कापून सारख्या दिसणाऱ्या इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. अशाच एका इमारतीत शिझुकू त्सुकिशिमा ही चौदा वर्षांची मुलगी आईवडील आणि मोठ्या बहिणीसह राहते.

घर लहान आहे. पुस्तके, कागद आणि कपड्यांनी ते भरून गेले आहे. दोघी बहिणींना मिळून एकच खोली, त्यात खाली एकीची व वर दुसरीची झोपण्याची जागा. वडील सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी करतात. आई दोन मोठ्या मुलींची आई असूनही पुन्हा विद्यापीठात शिकते आहे, आणि जेवणाच्या टेबलावरच तिचा अभ्यास मांडलेला असतो. घरातली कामे वाटून घेतलेली आहेत. तांदूळ कोणी धुवायचे, बाजारहाट कोणी करायची, यावरून बहिणींची कुरबूर चालते. हे सारे इतके आपल्या घरासारखे आहे, की पाहताना टोकियो फार लांब राहत नाही. प्रौढ वयात वही उघडून बसलेली आई चित्रपटात कुठेही कौतुकाचा किंवा थट्टेचा विषय होत नाही, ही गोष्ट आम्हाला विशेष वाटली. त्या घरात शिकणे हे स्वयंपाकाइतकेच रोजचे काम आहे.

शिझुकूला वाचनाचे वेड आहे. सुट्टीत वीस पुस्तके संपवायची असा तिचा निश्चय आहे. तो काळ ग्रंथालयातील कार्डांचा. पुस्तक नेणाऱ्याचे नाव मागच्या कार्डावर लिहिले जाई. वडिलांच्या ग्रंथालयात आता कार्डे जाऊन संगणकाच्या पट्ट्या येणार, असे घरात बोलणे होते आणि शिझुकूला ते आवडत नाही. एके दिवशी तिच्या लक्षात येते, की आपण आणलेल्या पुस्तकांच्या कार्डांवर आपल्या आधी एकच नाव आहे : सेइजी आमासावा. आपल्या आवडीची सगळी पुस्तके आपल्या आधी वाचणारा हा कोण, या कुतूहलातून कथेला सुरुवात होते.

गाव नसलेल्या मुलीचे गाणे

शाळेतील मुलींसाठी शिझुकू एका अमेरिकन गाण्याचे जपानी शब्द तयार करत असते. जॉन डेन्व्हर यांचे १९७१ चे ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ हे ते गाणे, गावाकडे परत जाण्याच्या ओढीचे. शिझुकू तर इमारतींच्या वसाहतीत वाढलेली. गाव म्हणजे काय, हे तिला ठाऊकच नाही. आधी ती त्याच चालीवर एक चेष्टेचे गाणे करते, त्यात सगळीकडे सिमेंटचे रस्ते असतात. मग ती खरे शब्द लिहिते तेव्हा मूळ अर्थ उलटवते. तिच्या गाण्यातली व्यक्ती एकटीने घर सोडून निघाली आहे आणि त्या ओळखीच्या रस्त्याने मागे फिरणार नाही असे ठरवते. गावाची ओढ आपल्याला माहीत नाही, म्हणून आपल्याला जे खरे वाटले ते लिहिले, असे ती सांगते.

ज्यांचे आजोबा गाव सोडून शहरात आले आणि ज्यांचा स्वतःचा जन्म शहराच्या वस्तीत झाला, अशा आपल्या मुलामुलींना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. लेखन कोठून सुरू होते, याचे उत्तर या छोट्या प्रसंगात आहे. दुसऱ्याची ओढ उसनी न घेता स्वतःच्या मनाशी प्रामाणिक राहण्यापासून ते सुरू होते.

मुलाचे ध्येय आणि मुलीचा प्रश्न

वडिलांचा विसरलेला डबा पोहोचवायला निघालेली शिझुकू आगगाडीत एकटाच प्रवास करणारा एक लठ्ठ बोका पाहते. त्याचा माग काढत ती टेकडीवरच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पोहोचते. दुकानात एक वृद्ध गृहस्थ आहेत आणि ‘बॅरन’ नावाचा, सुटाबुटातल्या मांजराचा एक सुंदर पुतळा आहे. याच दुकानाच्या तळघरात तिला कळते, की आपल्या गाण्याची टर उडवणारा उद्धट मुलगा हाच त्या वृद्धांचा नातू, हाच सेइजी आमासावा.

सेइजी व्हायोलिन घडवतो. व्हायोलिन वाजवणाऱ्यांची नावे जग घेते, पण लाकूड तासून ते वाद्य घडवणारा कारागीर मागेच राहतो. या मुलाला तो कारागीर व्हायचे आहे. त्यासाठी त्याला इटलीतील क्रेमोना गावी जायचे आहे. अठराव्या शतकात १७३७ साली मरण पावलेला स्त्रादिव्हारी हा थोर कारागीर याच गावचा, आणि व्हायोलिन घडवण्याचे शिक्षण देणारी शाळा तेथे १९३८ पासून आहे. सेइजीच्या घरून विरोध आहे. शेवटी दोन महिने तेथील कारागिराकडे राहून पाहायचे, अंगी गुण आहे की नाही हे तपासायचे, एवढी परवानगी त्याला मिळते.

जाण्यापूर्वी तो मनातले सांगतो. कार्डावर शिझुकूच्या आधी आपले नाव यावे म्हणून आपण कितीतरी पुस्तके वाचली, असे तो कबूल करतो. मुलीला आनंद होतो. आपल्या नेहमीच्या चित्रपटात येथे गाणे सुरू झाले असते. या चित्रपटात शिझुकू घरी येऊन अस्वस्थ होते. हा मुलगा आपल्याच वयाचा, आपण वाचतो तीच पुस्तके वाचणारा. तो आपला मार्ग शोधून निघालासुद्धा, आणि आपण मात्र नुसते वाचत बसलो. मग आपल्या हातून काय होणार?

आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला तो हाच टप्पा. या प्रेमाने मुलीला आरशापुढून उठवून टेबलापाशी बसवले. तीही ठरवते, की तो परत येईपर्यंत आपण एक कथा लिहून पुरी करायची. त्याची दोन महिन्यांची परीक्षा, तीच आपलीही. दुकानातला बॅरन हा तिच्या कथेचा नायक होतो. दुकानाच्या आजोबांकडे ती परवानगी मागते. ते देतात, पण एका अटीवर : कथा पुरी झाली की पहिला वाचक मी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सेइजीसाठी इटलीचा प्रवास लागतो, आणि तो खर्च प्रत्येक घराला झेपणारा नाही. शिझुकूला लागते ती वही, पेन्सिल आणि ग्रंथालयाचे कार्ड. गावातल्या ग्रंथालयात बसून ती रत्नांची आणि वाद्यांची पुस्तके उघडते, टिपणे काढते, रात्री घरातले सगळे झोपल्यावर लिहिते. कष्टकऱ्यांच्या मुलांना झेपणारी महत्त्वाकांक्षा कशी असते, हे येथे दिसते. आणि गावात सार्वजनिक ग्रंथालय चालू असणे का आवश्यक असते, हेही दिसते.

नकार कसा द्यावा, कसा घ्यावा

कथेत आणखी एक धागा आहे. शिझुकूची मैत्रीण युको हिला वर्गातला सुगिमुरा आवडतो. सुगिमुराला मात्र शिझुकू आवडते. तो तिला देवळाच्या आवारात गाठून मनातले बोलतो आणि स्पष्ट उत्तर मागतो. आपण इतके दिवस मित्र आहोत, मला तसे वाटत नाही, असे शिझुकू सांगते. मुलगा दुखावतो, पण निघून जातो. पाठलाग नाही, धमकी नाही, बदनामी नाही. आमच्या तरुण वाचकांनी या दोन मिनिटांच्या प्रसंगाकडे नीट पाहावे. आवडले तर सांगण्याचा हक्क आहे, तसाच समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क आहे, आणि तेथे तो विषय संपतो.

जेवणाच्या टेबलाभोवती

जपानमध्ये सहा वर्षे प्राथमिक आणि तीन वर्षे माध्यमिक शिक्षण सक्तीचे आहे. त्यानंतरच्या शाळेत प्रवेश मिळवण्यासाठी परीक्षा द्यावी लागते. शिझुकू नेमकी त्या परीक्षेच्या वर्षात आहे. कथा लिहिण्याच्या नादात तिचे वर्गात लक्ष लागत नाही आणि तिचा क्रमांक शंभराने खाली येतो. मोठी बहीण संतापते. अशाने कोणती शाळा घेणार तुला, असे विचारते. शिझुकू चिडून म्हणते, की पुढे शाळेत गेलेच पाहिजे असे नाही. भांडण वडिलांच्या कानावर जाते.

आता काय होईल? आपल्या किती घरांत वह्या फाडल्या गेल्या असत्या, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. हे वडील दोघींना बोलावतात, आईलाही बसवतात, आणि शिझुकूला विचारतात की अभ्यासापेक्षाही आत्ताच करायला हवे असे ते काय आहे. मुलगी सगळे सांगत नाही. ठरलेल्या वेळेत स्वतःला अजमावून पाहायचे आहे, एवढेच सांगते. वडील थोडा वेळ विचार करतात. ग्रंथालयात ही मुलगी किती मन लावून बसते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असते. आईही म्हणते, की आपणही त्या वयात असे एखादे खूळ केले होते.

मग वडील निर्णय देतात. तुला योग्य वाटते तसे कर. पण सगळे चालतात त्यापेक्षा निराळ्या वाटेने जाणे सोपे नसते. पुढे काहीही झाले तरी दोष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. आई एवढेच जोडते, की जेवायला तरी सर्वांबरोबर येत जा.

या बोलण्यात लाड नाही आणि धाकही नाही. मुलीच्या हातात स्वातंत्र्य देताना त्याच हातात जबाबदारीही दिली आहे, आणि ताटावरची जागा मात्र तशीच ठेवली आहे. मोकळीक म्हणजे मुलांकडे दुर्लक्ष, असा समज असणाऱ्या पालकांनी हा प्रसंग पाहावा. वडिलांनी आधी विचारले, ऐकून घेतले, मुलीची मेहनत स्वतः पाहिलेली होती म्हणून विश्वास ठेवला, आणि परिणामाची जाणीव दिली. यातले एकही पाऊल गाळलेले नाही.

कच्चा दगड

लिहायला बसल्यावर शिझुकूच्या मनात भीती घर करते. आजोबांनी तिला आधी एक दगड दाखवलेला असतो. बाहेरून साधा, पण भेगेतून आत पाहिले की पाचूच्या जातीचा हिरवा कच्चा खडा चमकतो. माणसाच्या अंगचा गुणही असाच आत असतो, तो शोधून घासावा लागतो, असे ते सांगतात. शिझुकूला स्वप्न पडते, की आपण खरा खडा शोधत धावतो आहोत आणि हातात आलेले रत्न म्हणजे मेलेले पिलू आहे. आत काहीच नसले तर? लिहिणाऱ्या, चित्र काढणाऱ्या, गाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पोटातली ही भीती चित्रपटाने लपवलेली नाही.

कथा पुरी होते. ती आजोबांकडे नेते आणि आत्ताच वाचा असा हट्ट धरते. ते वाचतात. तोवर ती थंडीत बाहेर बसते. आजोबा खोटी स्तुती करत नाहीत. तुझी कथा ओबडधोबड आहे, सरळ आहे, अपुरी आहे, सेइजीच्या पहिल्या व्हायोलिनसारखी. पण तू चांगले काम केलेस. आता घाई न करता घासत राहा. मुलगी रडू लागते. कथेतला उत्तरार्ध नीट जमला नाही, हे तिला आधीच कळलेले असते. आजोबा तिला गरम शेवयांचे भांडे वाढतात आणि तो दगड तिला देऊन टाकतात.

त्या रात्री शिझुकूला एक गोष्ट उमगते. नुसते लिहावेसे वाटणे पुरेसे नाही, त्यासाठी आणखी शिकले पाहिजे. घरी येऊन ती आईला सांगते, की आता आपण पुन्हा परीक्षेच्या अभ्यासाला लागणार. पुढे शाळेत जाण्याचा निर्णय ती स्वतः घेते. कोणी मारून, कोंडून हे झाले नाही. अभ्यास कशासाठी करायचा, याचे उत्तर तिला स्वतःच्या अपुऱ्या कथेत सापडले. आमच्या मते सगळ्या चित्रपटाचे सार येथे आहे.

चढणीवर

शेवटच्या प्रसंगात सेइजी एक दिवस आधीच परत येतो. पहाटे तो तिला सायकलवर मागे बसवून टेकडीकडे नेतो. चढ लागतो. तो म्हणतो, तू बसून राहा, मीच नेतो. शिझुकू उडी मारून उतरते. मला ओझे व्हायचे नाही, असे म्हणून ती मागून सायकल ढकलू लागते. दोघे मिळून वर पोहोचतात आणि उगवणारा सूर्य पाहतात.

तेथे सेइजी तिला मोठेपणी लग्न करण्याविषयी विचारतो आणि ती होकार देते. मूळ चित्रकथेत इतके पुढचे बोलणे नाही, ते चित्रपटात घातलेले आहे. आम्हाला ही घाई वाटली. पंधरा वर्षांच्या मुलांनी जन्माचे वचन देण्यापेक्षा चढावर सायकल ढकलणे अधिक खरे आहे. वाचकांनी मुलांसोबत चित्रपट पाहिला तर यावर घरात अवश्य चर्चा करावी. चित्रपटातली प्रत्येक गोष्ट उचलायची नसते, पारखायची असते.

दिग्दर्शक योशिफुमी कोंदो यांच्याविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. १९५० साली निइगाता प्रांतात जन्मलेला हा माणूस वर्षानुवर्षे दुसऱ्यांच्या चित्रपटांसाठी चित्रे काढत राहिला. युद्धात अनाथ झालेल्या भावंडांवरील १९८८ च्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’ या चित्रपटातील पात्रांची चित्रे त्यांचीच. वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचा स्वतःचा पहिला चित्रपट पडद्यावर आला, तो हाच. जानेवारी १९९८ मध्ये, ४७ व्या वर्षी, ते हे जग सोडून गेले. पूर्ण लांबीचा दुसरा चित्रपट त्यांच्या हातून झाला नाही. व्हायोलिन घडवणाऱ्या मागे राहिलेल्या कारागिराची गोष्ट त्यांनी इतक्या जिव्हाळ्याने का रंगवली असेल, हे वेगळे सांगायला नको. आगगाडीच्या खिडकीतून सरकणारी घरे, दुकानाच्या काचेवरचा प्रकाश, वाळत घातलेले कपडे, टेबलावरचा पसारा, हे सगळे माणसांनी हाताने काढलेले आहे.

मुलांना कोणते चित्रपट दाखवावेत, असे पालक आम्हाला नेहमी विचारतात. हा दाखवावा, आणि शेजारी बसून पाहावा. ज्या घरात मुलगी रात्री गुपचूप वहीत काही लिहिते, मुलगा अभ्यास सोडून लाकडाचे तुकडे कोरतो किंवा ढोलकीवर बोटे फिरवतो, त्या घरातल्या आईबापांनी तर जरूर पाहावा. वही हिसकावण्याआधी एकदा तिला विचारा, की काय लिहितेस. तिने वाचायला दिले तर खोटे कौतुक करू नका आणि हसूही नका. कच्चे आहे, पण चांगले आहे, घासत राहा, एवढे म्हणा. आणि जेवायला सर्वांबरोबर बसव, हे सांगायला विसरू नका.